पायाला बांधलेलं गाव

बिराजदार मॅडमची आणि माझी ओळख एका मेलेल्या खंड्यामुळे झाली. कॉलेजात रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते, तेवढ्यात एक ठेंगण्या बाई लगबगीनं आत आल्या. कपाळावर विभूतीची बोटं, खांद्याला बाजारच्या पिशवीएवढी पर्स. त्यांनी पर्समधून वर्तमानपत्राची पुडी काढली, "जरा धरा की हो, हात धुऊन येते," म्हणाल्या आणि ती माझ्या हातात कोंबून निघून गेल्या. सोलापुरात पुडीत शेंगाचटणीशिवाय दुसरं काय असणार, अशी माझी समजूत. मी पुडी उघडली. आत निळ्या पंखांचा एक खंड्या पक्षी पाय वर करून पडला होता.

मी किंचाळले. स्टाफरूममधल्या कुणीही मान वर केली नाही, त्यावरून हे इथं रोजचंच असावं हे कळलं. मॅडम पदराला हात पुसत परत आल्या.

"उघडलाव व्हय? बरं झालं. चोच शाबूत हाय का बघा. तुमी कॉमर्सच्या ना? मग लिहा पटकन. सात रस्ता, विजेच्या तारेखाली, आज सकाळी. मी विसरायच्या आत लिहा."

मी डबा बाजूला सारून लिहिलं. त्या दिवशी जेवण काही गेलं नाही, पण ओळख मात्र पक्की झाली.

मॅडम प्राणिशास्त्राच्या. व्हरांड्याच्या टोकाला त्यांच्या विभागाचं संग्रहालय होतं. त्यात कापूस भरून आडवे निजवलेले पक्षी, बरण्यांतले साप-बेडूक-मासे, टाचण्या टोचलेली फुलपाखरं आणि अख्ख्या इमारतीत दरवळणारा फॉर्मालिनचा वास. हे सगळं त्यांचे गुरू कुंभार सर यांनी सुरू केलं. सर गेले आणि वारसा मॅडमकडे आला. घरी कडक शाकाहार, अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. आणि ह्या बाई दिवसभर मेलेल्या पाखरांच्या पोटात कापूस भरत बसलेल्या. वनखात्याची परवानगी मात्र त्यांनी रीतसर काढलेली होती आणि ती पर्समध्ये, खंड्याच्याच कप्प्यात असायची.

प्रत्येक पक्ष्याच्या पायाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असे. कुठं सापडला, कधी सापडला, कुणाला सापडला. मॅडमचा सगळा जीव त्या चिठ्ठीत. पक्षी कितीही देखणा असो, चिठ्ठी नसेल तर त्या बघायच्यासुद्धा नाहीत. "पत्ता न्हाय तर ते पाखरू न्हाय, कोंबडी हाय," असं त्या पहिल्याच तासाला मुलांना सांगत आणि मुलं वर्षभर तेवढंच लक्षात ठेवत.

कुठं आणि कधी, हे दोन प्रश्न त्यांच्या जिभेवर इतके बसले होते, की माझे वडील गेल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून पहिलं आलं ते, "अय्यो! कुटं? कधी?" मग स्वतःच ओशाळल्या. तासाभरात घरी आल्या आणि संध्याकाळपर्यंत माझ्या आईचा हात धरून बसून राहिल्या. आई आजही त्यांची आठवण काढते.

रस्त्यानं चालताना त्यांची मान नेहमी खाली. नव्या लोकांना वाटायचं, किती विनम्र बाई! ती विनम्रता नव्हती, शोध होता. शहरातल्या रिक्षावाल्यांना त्यांचा छंद ठाऊक होता. गाडीखाली आलेलं घुबड, मांज्यात अडकलेली घार, सगळं कॉलेजच्या गेटवर पोचतं व्हायचं. संग्रहालयात फ्रिज नव्हता, म्हणून कापूस भरायला सवड मिळेपर्यंत ही मंडळी मॅडमच्या घरच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला असत. त्यांच्या वहिनींनी बरंच सोसलं. पण एकदा पुतणीला बघण्याचा कार्यक्रम होता, पाहुणे दिवाणखान्यात बसले होते आणि वहिनींनी घाईत पनीर समजून जी पुडी ओट्यावर सोडली त्यात पिंगळा निघाला. स्थळ मोडलं. वहिनी म्हणाल्या, "आता या घरात एकतर मी राहीन, न्हाईतर ही पाखरं." मॅडमनी जरा जास्तच वेळ विचार केला असं वहिनींचं मत, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही.

मग मॅडमनी कॉलेजकडे फ्रिज मागितला. खरेदी समितीनं शेरा मारला, 'मृत प्राण्यांना फ्रिजची आवश्यकता स्पष्ट करावी.' मॅडमनी आवश्यकता स्पष्ट केली नाही. एका कडक उन्हाच्या दुपारी समितीची बैठक चालू असताना एक बगळा आणून टेबलावर ठेवला आणि विषयपत्रिका संपेपर्यंत तिथंच राहू दिला. फ्रिज महिन्याभरात आला. त्यात पुढे प्राचार्यांचं ताक आणि ग्रंथपालांचे आंबेही राहू लागले, ही गोष्ट वेगळी.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष माढ्याकडचे मोठे ऊसवाले. त्यांनी एकदा वाजतगाजत काळविटाचं एक डोकं संग्रहालयाला भेट दिलं. आजोबांची शिकार, जुन्या परवान्याचा कागद, खाली पितळी पाटीवर दात्याचं नाव. फोटोग्राफर सज्ज. मॅडमनी डोकं हातात घेतलं, उलटं केलं, वास घेतला.

"कुटं मारलं हे?"

"आजोबांनी मारलं."

"कुणी न्हाय, कुटं?"

अध्यक्षांना आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं. प्राचार्यांनी मॅडमना कोपरानं ढोसलं. मॅडम सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, नुसतं डोकं तुमच्या दिवाणखान्यातच शोभतंय. हितं ठेवायचं तर जागा सांगा." अध्यक्ष लालबुंद झाले. पण मग म्हणाले, "आमच्या माळावर. आता फॅक्टरी हाय की, तितं. आजोबा म्हणायचे, कळपच्या कळप होते." मॅडमनी तसंच लिहिलं आणि डोकं भिंतीवर चढलं. पुढे प्रत्येक भाषणात अध्यक्ष सांगू लागले, की आपल्या आजोबांनी दूरदृष्टी ठेवून, केवळ पर्यावरणाच्या अभ्यासासाठी ते काळवीट मारलं. त्यावर टाळ्याही मिळायच्या.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, असं मी मॅडमना कधी विचारलं नाही. त्याचं उत्तर पुण्याच्या एका संग्रहालयातल्या अनघा नावाच्या मुलीनं दिलं. तिनं फोन केला. तिला आपल्याकडच्या माळरानावरचे जुने पक्षी हवे होते: चंडोल, धाविक, पखुर्डी. जुन्या पिसाचा एक कण तपासला की तो पक्षी काय खात होता, त्याच्या अंगात फवारणीची कुठली औषधं गेली होती, हे कळतं. तसाच पक्षी आज त्याच जागेवरून तपासला, की मधल्या काळात त्या जमिनीचं काय झालं ते दिसतं. पण त्यासाठी जुना पक्षी नेमका कुठला आणि कधीचा, हे ठाऊक पाहिजे. संक्रांतीनंतर येते म्हणाली. मॅडमनी फोन ठेवला आणि त्या चक्क हसत बसल्या. आजवर त्या खोलीची चौकशी करत जे आले, ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा आहे का, हे बघायला आले होते.

संक्रांतीआधी आमच्याकडे तपासणी समिती येणार होती. अशा वेळी आमच्या कॉलेजात जे होतं ते सगळीकडेच होतं. कुंड्या भाड्यानं येतात, नळांना पाणी येतं, न झालेल्या कार्यक्रमांचे फोटो काढले जातात. मॅडम पुतणीच्या लग्नासाठी अक्कलकोटला गेल्या होत्या. तेवढ्यात प्राचार्यांची नजर संग्रहालयावर पडली. त्यांना प्रत्येक गोष्ट पॉझिटिव्ह लागायची आणि पिवळ्या पडलेल्या, डाग पडलेल्या, शाई फुटलेल्या चिठ्ठ्या त्यांना निगेटिव्ह वाटल्या. सुशोभीकरण समिती बसली. फ्लेक्सवाला आला. पक्ष्यांच्या पायातले दोरे कात्रीनं कापले गेले आणि चकचकीत पाट्या लागल्या, कोपऱ्यात कॉलेजचं बोधचिन्ह, मधोमध पक्ष्याचं नाव आणि खाली एकच ओळ: 'निसर्गाचा अनमोल ठेवा'. धामणीपासून बेडकापर्यंत सगळेच अनमोल ठेवे. दारात पंख पसरलेल्या गरुडाचं चित्र लागलं, त्याच्या पुढं उभं राहून सेल्फी घ्यायचा.

समिती खूश झाली. अध्यक्षांनी सगळ्यांना सोलापुरी चादरी दिल्या.

मॅडम लग्नाहून आल्या त्या लाडवांचा डबा घेऊन. संग्रहालयाच्या दारात थबकल्या. मी मागेच होते. त्यांनी एक चंडोल उचलला, त्याचे पाय बघितले. दुसरा उचलला. तिसरा. मग डबा टेबलावर ठेवून प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या.

"सर, पायातल्या चिठ्ठ्या कुटं हाईत?"

"त्या जुन्या? घंटागाडीत दिल्या की. मॅडम, अगदी सुक्या कचऱ्यात दिल्यात, ओल्यात नाही." हे सांगताना प्राचार्यांना खरोखर अभिमान वाटत होता.

मॅडम खुर्चीत बसल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही रडल्या नाहीत. फक्त टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवत राहिल्या. कुंभार सरांची नोंदवही वाळवीनं पूर्वीच खाल्ली होती. त्या वाळवीचा नमुनाही मॅडमनी पत्त्यासकट बरणीत ठेवला होता. सगळी माहिती भरून ठेवण्यासाठी त्यांनी मागितलेला संगणक 'विचाराधीन' होता. म्हणजे आता कुठंच काही नव्हतं.

"एवढं काय त्यात?" प्राचार्य म्हणाले. "तुम्हाला सगळं तोंडपाठ आहे. पुन्हा लिहा. पक्षी तेच, अक्षर तेच. पॉझिटिव्ह घ्या."

"सर, मुलांच्या उत्तरपत्रिका हरवल्या तर आपण मार्क आठवून देतो का?"

प्राचार्यांनी खिडकीबाहेर बघितलं, कारण आमच्याकडे एकदा तसंही झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी मोहीम उघडली. नियम त्यांचा स्वतःचा आणि भयंकर कडक. पक्षी ज्यानं आणून दिला त्याच्याकडे जायचं, पक्षी दाखवायचा आणि आपण काहीही न सुचवता विचारायचं. त्याचं उत्तर आपल्या आठवणीशी जुळलं तरच चिठ्ठी लिहायची. माझी स्कूटी आणि मागे मांडीवर पेटी घेऊन मॅडम, अशा आम्ही गावभर हिंडलो. लोक सापडणार नाहीत असं मला वाटत होतं. पण लोक सापडले आणि त्यांना आठवतही होतं. रफिकभाई रिक्षावाल्यांनी घुबड बघताक्षणी सांगितलं, "होटगी रोड, मॅडम. मेरी पोट्टी का दहावी का निकाल लगा, उसी दिन. पेढे ले को आरा था मैं." साखरपेठेतल्या एका पद्मशाली विणकर आजींना त्यांच्या मागाच्या शेडमध्ये येऊन पडलेला इवलासा शिंजीर पक्षी आठवला, कारण त्याच महिन्यात त्यांचा माग भंगारात गेला. कुणी बाळाच्या बारशावरून सांगितलं, कुणी भावाच्या अपघातावरून. मॅडम ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि तिथंच गाडीच्या सीटवर चिठ्ठी लिहून पायाला बांधायच्या.

काही जागा बघायलाही गेलो. माढ्याच्या बाजूला एका शेतकऱ्यानं चंडोल दिला होता. तो आम्हाला घेऊन गेला आणि उसाच्या फडात शिरून चारी दिशांना बघत उभा राहिला.

"हितंच कुटंतरी बगा. तवा निस्तं गवत हुतं, लांबनं माणूस दिसायचा. आता ऊसच ऊस, माजं मलाच गावंना."

"बरं झालं का वाईट झालं?" मी विचारलं.

"पाणी आलं, पोरं शिकली. वाईट कसं म्हनू? पन ही पाखरं गाणी म्हनायची वो सकाळी. त्ये बंद झालं."

मॅडम त्याला म्हणाल्या, "तुमचं बरोबर हाय." पर्यावरणावर भाषण ठोकायला इतकी सोन्यासारखी संधी आमच्या कुठल्याही प्राध्यापकानं सोडली नसती. मॅडमनी सोडली आणि त्याच्या हातचा चहा घेतला.

अनघा आली तेव्हा बऱ्याच पक्ष्यांच्या पायात पुन्हा गाव होतं. तिनं काम सुरू केलं. पण कुंभार सरांच्या काळातले पक्षी मुकेच राहिले. ते आणून देणारे केव्हाच गेले होते. त्यातलाच एक तणमोर. कोंबड्याएवढा, काळा-पांढरा, डोक्यामागं नाजूक तुरे. पावसाळ्यात हा गवतातून सरळ वर उडी मारतो, असं पुस्तकात वाचायचं. आमच्या भागात तो आता कुणाला दिसत नाही. संग्रहातला सगळ्यात मोलाचा पक्षी तोच. सर त्याची गोष्ट दरवर्षी वर्गात सांगत आणि मॅडमनी ती विद्यार्थिनी म्हणून, मग सहकारी म्हणून ऐकलेली. शिवाय त्याची चिठ्ठी त्यांनी कितीदा वाचली असेल.

"मग लिहा की," मी म्हटलं.

"सर गोष्टीत जेऊरचा माळ म्हणायचे," मॅडम म्हणाल्या. "चिठ्ठीवर माढा होतं का काय? मला डोळ्यांपुढं दिसतंय. पण दिसतंय ती चिठ्ठी हाय का माझं मन, तेच कळंना झालंय. आणि सालाचं म्हणाल तर सर सांगायचे, दुष्काळानंतरचा पावसाळा."

सोलापुरात नुसता दुष्काळ सांगून साल ओळखता येत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

त्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणाची नेमणूक झाली नाही. सुशोभीकरण समितीनं ज्या खोलीतलं सगळं 'अनमोल' ठरवलं होतं, तिथं उद्योजकता कक्ष करायचं ठरलं. अनघानं धावपळ करून आपल्या संग्रहालयाला तयार केलं, सरकारी परवानग्या आणल्या आणि सगळा संग्रह पुण्याला न्यायचं पक्कं झालं. अट एकच. ज्याचं ठिकाण आणि साल लिहिलेलं आहे, तोच पक्षी घेणार. मॅडमनी ती अट वाचली आणि म्हणाल्या, "अट बरोबर हाय." ती त्यांचीच अट होती, आयुष्यभराची.

टेम्पो आला त्या सकाळी प्राचार्यांनी 'हस्तांतरण सोहळा' असा फ्लेक्स लावला. पेट्या चढल्या. एका टेबलावर बिनचिठ्ठीचे पक्षी राहिले, आणि त्यांच्यात तणमोर. अनघा पेन आणि कोरी चिठ्ठी घेऊन मॅडमसमोर उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, जेऊर लिहा किंवा माढा लिहा. एक काहीतरी. साल अंदाजानं घाला. मी काही विचारणार नाही. इथं राहिला तर ह्याला वाळवी लागेल."

"अहो लिहा ना," प्राचार्य म्हणाले. "फोटोत मोठा पक्षी पाहिजे. कोण जाणार आहे तपासायला?"

मला मनापासून वाटत होतं, की मॅडमनी लिहावं. जेऊर काय आणि माढा काय! दोन शब्दांनी तो पक्षी काचेच्या कपाटात, थंड खोलीत, पुढची शंभर वर्षं सुखानं राहिला असता. ज्या माणसानं त्यांना घडवलं त्याची ती शेवटची खूण. आणि मॅडमनाही हे सगळं कळत होतं. अनघाच्या हातातून त्यांनी पेन घेतलं. चिठ्ठी टेबलावर सपाट केली आणि लिहिलं. पक्षी: तणमोर. संग्राहक: कुंभार सर. ठिकाण: खात्री नाही. साल: खात्री नाही. खाली सही केली, दोरा ओवला आणि पायाला गाठ मारली.

"उद्या कुणीतरी ह्याच्या जोरावर सांगंल, अमुक साली अमुक माळावर तणमोर होता," त्या अनघाला म्हणाल्या. "आणि ते माझ्या मनानं घातलेलं असंल. मग बाकीच्या चिठ्ठ्यांवर कोण इश्वास ठेवणार गं?"

अनघा रडली. मला मॅडमचा राग आला, खरंच फार राग आला आणि त्याच वेळी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. टेम्पो निघून गेला. प्राचार्यांनी मोठ्या पक्ष्याऐवजी काळविटाचं डोकं पुढं धरून फोटो काढला. त्याला पत्ता आणि परवान्यावरचं साल असल्यामुळे तेही पुण्याला जायचं होतं, पण अध्यक्षांनी ऐनवेळी ठेवून घेतलं.

राहिलेले पक्षी अकलूजकडच्या एका शाळेत द्यायचे ठरले. तिथं मॅडमची एक विद्यार्थिनी शिकवत होती आणि वनखात्याचा कागदही झाला होता. बाकीची खोकी मागून जायची होती. तणमोर मात्र मॅडम स्वतः घेऊन एसटी स्टँडवर निघाल्या. पेटीत मावेना, म्हणून मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या.

गेटबाहेरचा रस्ता उखडलेला, वर गरम वारा सुटलेला. रिक्षा हलली तसा मी हात केला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, पण हात केला नाही. त्यांच्या एका हातात तणमोराची मान होती आणि दुसऱ्या हातानं त्यांनी ती चिठ्ठी घट्ट धरली होती, वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून.